दवाखान्याची वाट आणि गाडीभाडं: माजी सैनिकांच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



आजारपणाच्या खर्चाचा हिशेब मांडायला बसलो की आपण डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या, खाटेचं भाडं असे आकडे लिहितो. त्याआधी झालेला खर्च मात्र बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. तो म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचण्याचा खर्च: एसटी, रिक्षा, सोबत आलेल्या मुलाची बुडालेली रोजी, वाटेतला चहा-वडा. माजी सैनिकांच्या घरांत हा विषय विशेष निघतो, कारण त्यांच्या उपचाराची जबाबदारी सरकारने बऱ्याच अंशी घेतलेली आहे. म्हणून पुण्यात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "डॉक्टर, उपचार फुकट आहेत ते ठीक, पण येण्याजाण्याचं भाडं मिळतं का?"

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, कधी मिळतं, पुष्कळदा नाही. पण असं का, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. नियम ज्या काळात घडले, त्या काळचे आजार वेगळे होते आणि प्रवासही वेगळा होता.

सुरुवात अगदी जुन्या काळापासून करू. अफजलखानाच्या प्रसंगानंतर, म्हणजे १६५९ साली, शिवाजी महाराजांनी जखमी लोकांना जखम पाहून २५ ते २०० होन दिले, असं सभासदाच्या बखरीत आहे. मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, मुलगा नसेल तर विधवेला वेतनाचा हिस्सा लावून दिला. पुढे मराठी राज्यात अशा नेमणुकीला 'बालपरवेशी' म्हणत. डॉक्टर म्हणून मला यात 'जखम पाहून' ही गोष्ट महत्त्वाची वाटते. जखमेची प्रत ठरवून भरपाई ठरवायची, हे आजच्या 'अपंगत्वाच्या टक्केवारी'चंच जुनं रूप. मात्र रक्कम एकदाच हातात दिली जाई. जखमी माणूस घरी जाई आणि पुढचं औषधपाणी गावचा वैद्य बघे. पुन्हा पुन्हा कुठे जायचं नसल्यामुळे वाटखर्चाचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला मोठ्या इस्पितळांबरोबर आणि आगगाडीबरोबर.

बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला आणि मुंबई-पुणे सलग गाडी सुरू झाली. मुंबई बंदराला जवळ, हवा कोरडी, शेजारी मोठी छावणी, त्यामुळे पुणे आणि खडकी ही लष्करी इस्पितळांची गावं झाली. पहिल्या महायुद्धात सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातून मोठ्या संख्येने माणसं फौजेत गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत आणि गावाला 'अपशिंगे मिलिटरी' हे नाव पडलं, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. परत आलेल्यांत हात-पाय गमावलेले, डोळे गेलेलेही होते. त्यांना धंदा शिकवण्यासाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत एक संस्था निघाली. तीच काही वर्षांनी खडकीला आली आणि आज क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. माजी सैनिकांच्या कल्याणासाठी 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' १९१९ मध्ये स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालयं ही त्याच झाडाची फांदी.

या काळात फौजेच्या प्रवासाचं साधन होतं वॉरंट. फौजी कुटुंबात वाढलेल्यांना हा शब्द सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. वॉरंट म्हणजे पैसे नव्हेत. तो एक छापील कागद असतो. तो तिकीट खिडकीवर दिला की तिकीट मिळतं आणि भाड्याचा हिशेब रेल्वे आणि लष्कर आपसांत करतात. शिपायाच्या खिशाला हात लागत नाही. पद्धत फार शहाणपणाची आहे, कारण भाडं आधी भरून नंतर मागायची वेळच येत नाही. पण तिच्या मागे एक गृहीतक आहे. प्रवास कोणीतरी वरून फर्मावलेला असला पाहिजे, सुरुवात आणि शेवट ठरलेला असला पाहिजे आणि तो आगगाडीने झाला पाहिजे. बदली, रजा, इस्पितळात रवानगी, सगळं या चौकटीत बसतं. तुमची दर महिन्याची साखर आणि रक्तदाबाची तपासणी मात्र बसत नाही. ही चौकट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता १९४४ साल. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आपल्या विषयाशी दोन्हींचा आहे.

पहिली गोष्ट पुण्यातली. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी इथे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. पुढे १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांनंतर देशभरातले जवान याच केंद्राकडे आले. इथे थोडं वैद्यकशास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय प्रवासाचा मुद्दा नीट कळणार नाही.

पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. शस्त्रक्रियेनंतर तो सुजलेला असतो. मग सूज उतरते, न वापरलेले स्नायू बारीक होतात आणि पहिल्या वर्ष-दीड वर्षात त्याचा आकार सतत बदलत राहतो. कृत्रिम पायाचा जो पेला स्टंपवर बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. स्टंप बारीक झाला की सॉकेट सैल होतं. सैल सॉकेट घासतं, कातडी सोलते, जखम होते. मधुमेही माणसाला किंवा संवेदना कमी झालेल्याला ती जखम कळतही नाही. म्हणजे पाय बसवला आणि काम झालं, असं होत नाही. सुरुवातीला काही महिन्यांत दोन-तीनदा सॉकेट नीट करावं लागतं, पट्टे आणि पाऊल झिजतं, आणि साधारण तीन ते पाच वर्षांनी अख्खा पाय बदलावा लागतो. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला पाय बसवला तर त्याच्या आयुष्यात हे किती वेळा होईल, ते तुम्हीच मोजा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडहून पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. लाकडी असो की कार्बन फायबरचा, पाय बसवलेल्या माणसाला इतका प्रवास करायला लावायचा, तोही सैल सॉकेट घालून, हे त्रासाचंच आहे. न परवडल्यामुळे माणूस येणं लांबवतो आणि जखम चिघळते. वाटखर्चाचा प्रश्न वैद्यकीय प्रश्न होतो तो इथे.

याला दोन उत्तरं निघाली, आणि दोन्हींत रुग्णाला भाडं देणं नाही. खडकीला १९७४ मध्ये मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झालं. तिथे रुग्णाला राहायलाच आणलं. अशा रुग्णाला दाबाच्या जखमा आणि लघवीच्या संसर्गाची भीती आयुष्यभर असते, त्यामुळे हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच होता. दुसरं उत्तर नागरी क्षेत्रातलं, जयपूर फूटचं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र यांनी घडवलेलं ते पाऊल स्वस्त होतं हे सगळे सांगतात. पण त्याचा खरा फायदा हा होता की गावोगाव शिबिरं भरवून ते थोड्या वेळात बसवता येत होतं. म्हणजे रुग्णाऐवजी कारागीर प्रवास करायचा.

१९४४ ची दुसरी गोष्ट दिल्लीतली. केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांसाठी वैद्यकीय सेवेचे नियम झाले, जे आजही 'सीएस एमए रूल्स' म्हणून चालू आहेत. त्यातला एक नियम मला फार आवडतो. नोकर ज्या गावी आजारी पडला तिथे त्याचा अधिकृत डॉक्टर नसेल, तर डॉक्टरच्या गावापर्यंत जाण्यायेण्याचा भत्ता रुग्णाला मिळेल. आणि रुग्ण हलवण्यासारखा नसेल, तर रुग्णाकडे जाण्याचा भत्ता डॉक्टरला मिळेल. दोघांपैकी कोणीतरी प्रवास करणारच, मग त्याचे पैसे सरकारने द्यावेत, इतका सरळ विचार आहे हा. ज्याने कोणी हा मसुदा लिहिला, त्याने आजारी माणूस बैलगाडीत बघितला असावा, असं मला आपलं वाटतं.

पण हा नियम नोकरीत असलेल्या मुलकी माणसांसाठी होता. निवृत्त फौजीची गत निराळी. त्याला लष्करी इस्पितळाचं दार उघडं होतं, पण खाट रिकामी असेल तर. पुण्यात राहणाऱ्याला वानवडीचं कमांड हॉस्पिटल किंवा खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल हाताशी होतं. आटपाडी किंवा चंदगडच्या माणसाला ते असून नसल्यासारखं. गंमत बघा, वानवडीचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, १ मे १९४८ ला सुरू झालं आणि बरोबर महिन्याने, १ जूनला, पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढची कित्येक वर्षं निवृत्त सैनिक त्या लष्करी डॉक्टरांपर्यंत पोचला तो बहुतांशी एसटीने. सरकारी हिशेब मात्र रेल्वेच्या वर्गांतच चालला.

एक प्रवास तेवढा सरकारने कमी केला, तोही सांगायला हवा. अपंगत्व निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना पूर्वी ठरावीक काळाने पुन्हा मेडिकल बोर्डापुढे उभं राहावं लागे, अपंगत्व कमी झालं की वाढलं हे बघायला. तुटलेला पाय पुन्हा उगवला नाही ना, हे तपासायला माणसाला बोलावण्यासारखंच ते काही जणांच्या बाबतीत होतं. पाचव्या वेतन आयोगानंतर, २००१ च्या आदेशाने, कायमस्वरूपी अपंगत्वाची अशी वारंवार फेरतपासणी बंद झाली. प्रवासखर्च देण्यापेक्षा प्रवासच रद्द करणं कितीतरी चांगलं.

मोठा बदल झाला १ एप्रिल २००३ ला. एक्स-सर्व्हिसमेन काँट्रिब्युटरी हेल्थ स्कीम, म्हणजे आपली ईसीएचएस, सुरू झाली. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकाने एकदाच वर्गणी भरायची आणि मग त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना आयुष्यभर उपचार. सुरुवातीला देशभरात २२७ पॉलिक्लिनिक मंजूर झाली. २०१० मध्ये आणखी १९९ ची भर पडून ती ४२६ झाली. पुण्याबरोबर सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर इथेही पॉलिक्लिनिक आली. माझ्या मते ईसीएचएसने प्रवासखर्चासाठी केलेली सर्वात मोठी गोष्ट हीच, आणि ती प्रवासभत्त्याच्या कलमात कुठेच लिहिलेली नाही. सांगली जिल्ह्यातल्या माणसाचं रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी पुण्याला येणं तिने वाचवलं.

प्रवासभत्त्याचं कलम स्वतः मात्र जुन्या चौकटीतलंच राहिलं. ठोकळमानाने ते असं आहे. हवी ती सोय तुमच्या ठिकाणी नाही म्हणून पॉलिक्लिनिकने लेखी रेफरल देऊन तुम्हाला दुसऱ्या गावी पाठवलं, तर तुमच्या हुद्द्याला लागू असलेल्या वर्गाच्या भाड्यापर्यंत खर्च परत मिळू शकतो. सोबत माणूस लागणारच, असं पाठवणाऱ्या डॉक्टरने लिहून दिलं असेल तर एका सोबत्याचाही. तातडीच्या वेळी, दुसऱ्या वाहनाने नेणं धोक्याचं होतं असं डॉक्टरने प्रमाणित केलं, तर रुग्णवाहिकेचाही. पण गावातल्या गावात, घर ते पॉलिक्लिनिक किंवा घर ते हॉस्पिटल, ही रोजची ये-जा तुमच्या खिशातून. ओळखीचं वाटतंय ना? वरून फर्मावलेला, सुरुवात आणि शेवट ठरलेला, शक्यतो आगगाडीचा प्रवास. वॉरंट गेलं, पण त्याची चौकट राहिली.

ही चौकट युद्धातल्या जखमेला ठीक होती. जखम एकदा होते, एकदा मोठ्या इस्पितळात जावं लागतं. आज माझ्यासारख्या डॉक्टरांकडे येणारा माजी सैनिक सत्तरीचा असतो. त्याला मधुमेह, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू, प्रोस्टेट असतं, तोफखान्यातला असेल तर बहुधा कानही गेलेले असतात. यातला कुठलाच आजार एका फेरीत संपत नाही. सगळ्यात वाईट परिस्थिती किडनीच्या रुग्णाची. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस म्हणजे वर्षाला १५६ वेळा. जाऊन-येऊन ३१२ फेऱ्या. डायलिसिसचे पैसे योजना भरते. फेऱ्या कोण भरतं? डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो, पाय थरथरत असतात, अशा माणसाला पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून जा म्हणणं डॉक्टर म्हणून माझ्याच्याने होत नाही. मग रिक्षा आली. आणि रिक्षा परवडेना की आठवड्यातलं तिसरं डायलिसिस चुकवलं जातं. अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, दम लागतो, आणि रात्री अपरात्री तातडीने दाखल व्हावं लागतं. तो खर्च पुन्हा योजनेच्याच डोक्यावर.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे, तो थोडक्यात बघू. तिथे माजी सैनिकांच्या खात्याच्या नियमाप्रमाणे, सेवेमुळे ३० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना, आणि उत्पन्न कमी असलेल्या इतर काहींना, दवाखान्याच्या नेहमीच्या फेऱ्यांचंही भाडं मिळतं. २००८ च्या अखेरीस ठरलेला दर मैलाला ४१.५ सेंट. एका बाजूच्या प्रवासामागे ३ डॉलर रुग्णाने सोसायचे, पण महिन्यात ही कपात १८ डॉलरच्या वर जात नाही. म्हणजे तीन वेळा जाऊन आल्यावर त्या महिन्यातल्या पुढच्या फेऱ्यांचं भाडं कपातीशिवाय. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वारंवार येणारा रुग्ण होता, हे लगेच कळतं. तिथेही तक्रारी आहेत. दावा ३० दिवसांत करावा लागतो, आणि तो दर वर्षानुवर्षं तिथेच थांबून राहिला, पेट्रोल कितीही चढलं तरी. पण मुळात मोजायचं काय, हे त्यांनी वेगळं ठरवलं. तेवढं आपण घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे दिलासा मिळाला तो अनपेक्षित दिशेने, एसटीकडून. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं. या सवलती सैनिकांसाठी नव्हत्या, पण निवृत्त सुभेदाराला आणि त्याच्या पत्नीला सर्वात जास्त उपयोग त्यांचाच होतो. त्यातून एक विचित्र हिशेब तयार झालाय. ७६ वर्षांचे गृहस्थ कोल्हापूरहून स्वारगेटला सुमारे २३० किलोमीटर फुकट येतात आणि स्वारगेट ते वानवडी या पाच किलोमीटरांना, २०२२ च्या दरपत्रकाने, रिक्षाचे ऐंशी-नव्वद रुपये मोजतात. परतीचे तेवढेच. मीटरने नेणारा रिक्षावाला भेटला तर, बरं का!

रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद केली असली, तरी काही आजारांच्या रुग्णांची सवलत चालू आहे: कर्करोग, हृदयशस्त्रक्रियेसाठी जाणारे, डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणारे किडनीचे रुग्ण, थॅलेसेमिया वगैरे. सोबत्यालाही ती लागू होते. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात हॉस्पिटलचा दाखला लागतो. तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही, म्हणून मागा. एसटीतही डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, जवळच्या आगारात चौकशी करा.

शिवाय काही फेऱ्या टाळता येतात. मे २०२१ मध्ये संरक्षण खात्याने 'सेहत' नावाची टेलिकन्सल्टेशन सेवा सुरू केली, तिच्यावर माजी सैनिक घरबसल्या लष्करी डॉक्टरशी बोलू शकतात. रिपोर्ट दाखवणं, गोळीचा डोस विचारणं यासाठी ती चांगली आहे. छातीत दुखत असेल, अचानक तोंड वाकडं झालं असेल, पायाची जखम काळी पडत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि ज्या फेऱ्या कराव्याच लागणार, त्या जोडून घ्या. डोळ्यांची आणि हृदयाची तारीख एकाच दिवशी मिळेल का, हे विचारायला लाजू नका. बऱ्याचदा मिळते.

परगावी रेफरल झालंच, तर निघण्याआधी दोन गोष्टी बघा. रेफरलवर 'ही सोय इथे उपलब्ध नाही' हे आणि सोबत्याची गरज, दोन्ही लेखी आहे ना? नंतर लिहून आणणं फार अवघड जातं. सध्याचा आदेश काय आहे ते पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जना आधीच विचारून घ्या, आणि दाद लागत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रेफरलची प्रत, हॉस्पिटलमधल्या तारखेचा शिक्का आणि तिकिटं एका पाकिटात ठेवा. एसटीच्या मशीनमधून निघणारं तिकीट महिन्याभरात पार पांढरं पडतं, म्हणून त्याचा फोटो त्याच दिवशी, गाडीत बसल्याबसल्याच काढून ठेवा.